खोली कोरडी आहे

८ जानेवारी

चि. नळोबास,
अनेक आशीर्वाद.

पाणीखात्यात तू आता मोठा साहेब झालास, पण लहानपणी नळाच्या तोंडात बोट घालून सगळ्या गल्लीवर पिचकाऱ्या उडवायचास ते मी विसरलेले नाही. तेव्हा तू माझा नळोबाच.

इकडची बातमी म्हणजे, आपल्या गल्लीच्या वरच्या अंगाला मोकळा माळ होता ना, तिथे वसाहत उभी राहतेय. दिवसभर ट्रक, खडीचा आवाज आणि धूळ. तुझे भावोजी कंपाउंडरकीतून निवृत्त झाल्यापासून घरात नुसते येरझाऱ्या घालत होते, आता त्यांना काम मिळालं. चहा झाला की मागच्या कठड्याला टेकून बांधकाम बघत उभे राहतात. मी त्यांना सुपरवायझर म्हणते. रागावत नाहीत, उलट कोणता मजला कधी भरला ते सांगतात.

शेजारच्या शिवणवाल्या मावशी मात्र वैतागल्या आहेत. शिवून ठेवलेल्या कपड्यांवर धूळ बसते, गिऱ्हाइकं कटकट करतात. काल मला म्हणाल्या, "एवढ्या घरांना पाणी कुठून देणार, आणि वापरून झालं की सोडणार कुठे? आपल्या मागच्या नाल्यात? तुझ्या भावाला विचार की." म्हणून विचारते. सवडीने कळव.

तू बांधून दिलेली मागची खोली मजेत आहे. आल्यागेल्याला हे आधी तीच दाखवतात. पलंगाच्या पायांखाली विटा लावल्या आहेत, झाडायला बरं पडतं.

इकडे सर्व ठीक.
तुझी ताई


२१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात त्या वसाहतीची फाईल माझ्या टेबलावर आली! शिवणवाल्या मावशींना सांग, प्रश्न योग्य माणसाला विचारलात.

पाण्याचं असं आहे, की वसाहतीच्या डोक्यावर मोठी टाकी बांधताहेत. ती मोठ्या जलवाहिनीवरून भरायची. तुमच्या नळांना पत्ताही लागणार नाही. सांडपाण्याला वेगळी बंद लाईन आहे. नाल्यात येणार ते फक्त पावसाचं पाणी आणि टाकी धुतली किंवा रिकामी केली तर तिचं. बास.

माझ्या हाताखाली एक नवा इंजिनियर आहे. तो म्हणतो, नाला अरुंद वाटतो, एकदा जाऊन बघू या. मी त्याला म्हटलं, बाबा रे, त्या गल्लीतली सगळ्यात खालची जमीन म्हणजे माझ्या बहिणीची मागची खोली. नाल्याला लागून आहे. नोकरी लागल्यावर मी माझ्या हाताने बांधलेलं ते पहिलं काम. आठवतं ना तुला? पारदर्शक नळी पाण्याने भरून घेतली होती. तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभं राहतं. नाल्याचं पाणी चढतं तिथली खूण धरून एक टोक भावोजींच्या हातात दिलं, दुसरं घेऊन मी इकडे. भावोजी दुपारभर पुतळ्यासारखे उभे! त्या खुणेपेक्षा वर मी फरशीची पातळी धरली. इतके पावसाळे गेले, तिथे थेंब शिरला नाही. तू तर दर पत्रात लिहितेस, तुझी खोली मजेत आहे. म्हणजे नाल्यात अजून जागा आहे, आणखी काय पुरावा हवा?

तरी रीत म्हणून विचारतो. खोली कोरडी असते ना? एका ओळीने कळव, म्हणजे मी निर्धास्त सही करतो.

भावोजींना नमस्कार.
तुझा,
नळोबा


३ फेब्रुवारी

चि. नळोबास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून ह्यांना फार आनंद झाला. पुतळा म्हणालास ते तर त्यांनी दोनदा वाचून घेतलं. 

उत्तराला उशीर झाला. घरात कामं काय कमी असतात? शिवाय मला सर्दी होती. आता बरी आहे. तू रात्री जागून काम करत बसू नकोस, तुझे डोळे आधीच खराब.

तुझा तो नवा इंजिनियर येऊन बघतो म्हणतोय, तर येऊ दे की. बिचाऱ्याला जेवू घालीन. किंवा तूच ये. कागदावरून नाला कसा दिसतो मला माहीत नाही, पण प्रत्यक्ष बघितलेलं बरं असतं. गेल्या दोन वर्षांत त्यात फार गाळ साचलाय. मागच्या खोलीत आम्ही हल्ली सामान असं काही ठेवत नाही. मोकळी छान दिसते.

शिवणवाल्या मावशी अर्ज घेऊन घरोघर फिरताहेत. नाल्यात पाणी सोडू नका म्हणून. माझ्याकडे आल्या होत्या. मी म्हटलं, मावशी, माझा सख्खा भाऊच तिथे बसलाय, त्याच्याविरुद्ध मी कशी सही करू? त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पुढच्या घरी गेल्या. 

तुला एक ओळ हवी होती. आज सकाळीच पुसून घेतली आहे. खोली कोरडी आहे.

पण एकदा येऊन जा.
तुझी ताई


६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

सही झाली! तुझं पत्र आलं, माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच दिवशी मी शेरा लिहून फाईल पुढे पाठवली. 

तुमच्या गल्लीचा अर्जही आला होता. पहिली सही शिवणवाल्या मावशींची, खाली बाकीचे. साहेबांनी विचारलं, याचं काय? मी म्हटलं, साहेब, नाल्याला अगदी खेटून एकच घर आहे आणि त्या घराची सही यात नाही. साहेबांना ते पटलं. मग मी शेऱ्यात तसंच लिहिलं, "ज्या घराला पाण्याचा धोका सर्वांत आधी पोचेल, त्या घराची तक्रार नाही. सदर घराची मागील खोली निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः बांधली असून ती कायम कोरडी असते." वाक्य कसं आहे?

मावशींना समजाव. लोकांना वाटतं, नवीन घरं आली म्हणजे आपल्या तोंडचं पाणी पळालं. राहणार कुठे मग माणसांनी? शास्त्र म्हणून काही असतं की नाही!

पलंगाखाली विटा ही युक्ती चांगली आहे. मीही इकडे करून बघणार आहे.

तुझा,
नळोबा


१९ एप्रिल

नळोबा,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, म्हणून नुसतंच नाव लिहिलं.

गेल्या आठवड्यात आमचे नळ नुसते फुसफुसत होते. वरची टाकी पहिल्यांदाच भरत होते म्हणे. सकाळी बादलीच्या तळाला करंगळीएवढी धार. गल्लीतल्या बायका पलीकडच्या पेठेतून पाणी आणत होत्या. मी तुला कळवलं नाही. म्हटलं, टाकी भरली की येईल.

काल लख्ख ऊन होतं. आभाळात ढगाचा ठिपका नाही. दोरीवर माझे कपडे वाळत होते. टाकी गळते का ते बघून झालं आणि वसाहतवाल्यांनी ती एकदम नाल्यात सोडून दिली. हे कठड्यावरून ओरडले, "अगं, नाला चढतोय!" मला आधी थट्टाच वाटली. तोवर मागच्या दाराखालून पाणी आत. गढूळ नाही, नळोबा. स्वच्छ, पिण्याचं पाणी. तळाची फरशी स्पष्ट दिसत होती. ज्या पाण्यासाठी आठवडाभर वणवण केली, ते माझ्या खोलीत घोट्याच्या वर उभं होतं.

शिवणवाल्या मावशी बादली घेऊन धावत आल्या. पुढच्या दाराने शिरल्या, काही न विचारता थेट मागच्या खोलीत गेल्या आणि उपसायला लागल्या. कारण दर पावसाळ्यात त्या तसंच करतात.

आता तुला कळलं असेल. त्या खोलीत दर वर्षी पाणी येतं. पहिल्याच पावसाळ्यात आलं. तू तेव्हा मित्रांना घेऊन खोली दाखवायला येणार होतास, म्हणून मावशी आणि आम्ही दोघांनी मिळून उपसलं, पुसलं, पंखा लावून फरशी वाळवली. तू मित्रांना खोली दाखवत होतास आणि तुझा चेहरा असा फुलला होता, की माझ्याच्याने बोलवेना. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. दर वर्षी ते आणखी अवघड होत गेलं. विटा झाडण्यासाठी नाहीत.

आम्ही माझी खोली उपसत होतो तेवढ्या वेळात पाणी मावशींच्या घरात गेलं. त्यांच्याकडे आजवर कधीच आलं नव्हतं. जमिनीवर गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे गठ्ठे होते, शिवून तयार. एकाचा रंग दुसऱ्याला लागला. मशीनची मोटर खाली असते, तीही बुडाली. हे कळलं तेव्हा त्यांच्या हातात माझीच बादली होती.

संध्याकाळी त्या उंबऱ्यावर बसून कपडे पिळत होत्या. मी जाऊन शेजारी बसले. मला म्हणाल्या, "तुझ्या खोलीचं मी अर्जात वेगळं लिहिलं नाही गं. म्हटलं, भाऊच साहेब आहे, त्याला काय माहीत नसणार?"

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, की तुला माहीत नव्हतं. आणि का माहीत नव्हतं तेही.

ताई


२८ एप्रिल

ताई,

एका ओळीने विचारलं होतं. एका ओळीने! "खोली ओली होते" एवढं लिहायला काय पडलं होतं? माझं मन मोडेल म्हणून तू माझी मान कापलीस. तुझं पत्र हातात घेऊन मी घरभर फिरलो, भिंतींशी भांडलो.

हे आधी लिहिलं होतं. खोडत नाही, कारण तसं वाटलं होतं खरं. पण पुढचंही ऐक.

दुसऱ्या दिवशी मी तुझं फेब्रुवारीचं पत्र घेऊन साहेबांकडे गेलो. हो, गेलो. त्यांच्यासमोर ठेवलं आणि "खोली कोरडी आहे" यावर बोट ठेवलं. म्हटलं, मला चुकीची माहिती दिली गेली. साहेबांनी सगळं पत्र वाचलं. मग म्हणाले, "ही बाई चार वेळा सांगतेय की येऊन बघा. फाईलवर सही तिची आहे का तुमची?" नवा इंजिनियर तिथेच उभा होता. त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. माझे कान अजून गरम आहेत.

आणखी एक. मंगळवारी मी तुमच्या गल्लीत आलो होतो. पाहणीसाठी, खात्याच्या जीपमधून. नाक्यावर उतरलो तर गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्यांवर कपडे वाळत होते. डाग पडलेले. मावशी एकेक उलटत होत्या, मशीन ओट्यावर उघडं पडलेलं. मी परत जीपमध्ये बसलो. तुझ्यावर रागावलो होतो म्हणून घरी आलो नाही असं नाही. तोंड दाखवायची लाज वाटली.

आता काम असं अडलंय. टाकीचं पाणी नाल्यात सोडायचं तोंड सध्या पत्रा ठोकून बंद केलंय. पण बिल्डर म्हणतो, माझ्याकडे परवानगी आहे, पावसाळ्याआधी तोंड उघडणार. माझा शेरा फाईलवर आहे तोवर परवानगी आहे. तो मीच मागे घ्यायला हवा, आणि कारण लिहायला हवं. म्हणजे काय लिहायचं, की निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः बांधलेली खोली दर वर्षी बुडते? ते सगळं खातं वाचणार. रोज कागद घेऊन बसतो आणि उठतो.

नळोबा


५ मे

चि. नळोबास,
आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या ताईच्या नव्हे, माझ्या अक्षरात बघून दचकू नकोस. ती ठीक आहे. मला एक गोष्ट कळली आहे, ती तुला कळवणं भाग आहे.

परवा कठड्यावर उभा होतो. समोर वसाहतीच्या कुंपणाचं काम चाललं होतं. गवंडी आणि त्याचा जोडीदार, दोघांच्या हातात तशीच पाण्याची नळी, तुझ्यासारखी. माप काही जुळेना. गवंडी एकदम खेकसला, "अरे अंगठा काढ! तोंड दाबून धरलंस तर पाणी हलणार कसं?" जोडीदाराने अंगठा काढला आणि नळीतलं पाणी सरसर खाली आलं.

मला आपली खोलीच्या मापाची दुपार आठवली. त्या दुपारी तू मला बजावलं होतंस, "भावोजी, पाणी सांडू देऊ नका." मी आयुष्यभर औषधाच्या बाटल्या हलवल्या. बाटलीच्या तोंडावर अंगठा ठेवायचा हे मला शिकवावं लागत नाही. तू इकडे खूण करत होतास आणि मी तिकडे दुपारभर अंगठा घट्ट दाबून उभा होतो. तू बघशील म्हणून हलवलाही नाही. पुतळ्यासारखा.

म्हणजे पातळी चुकली ती माझ्यामुळे. तू तसं लिही खात्यात. माझं नाव घाल. मी निवृत्त माणूस, मला कोण काय करणार? तुझी ताई म्हणते, हे पाठवू नका. पण ती आजवर जे जे पाठवायचं नाही म्हणाली, त्याचं काय झालं ते बघतोच आहोत.

एक थेंब सांडला नव्हता रे मी.

तुझा,
भावोजी


१३ मे

ती. ताई आणि ती. भावोजी यांस,
सा. न.

भावोजी, तुमचं पत्र वाचून मी आधी हसलो आणि मग मला हसवेना. खोटं कशाला बोलू, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. कारण सापडलं, आणि ते माझं नव्हतं. शेरा मागे घेण्याचा कागद तसाच लिहायलाही घेतला, "मोजमापाच्या वेळी सहायकाकडून..." सहायक म्हणजे तुम्ही. तो शब्द लिहिला आणि तुम्ही डोळ्यांसमोर आलात, उन्हात, घाम न पुसता. कागद फाडला.

नळी तुमच्या हातात दिली ती मी. अंगठा काढा हे सांगायचं काम माझं. माप घेतल्यावर तिकडे जाऊन एकदा बघायचं कामही माझंच, आणि मी इकडूनच ओरडून विचारलं, "बरोबर आहे ना?" तुम्ही म्हणालात, बरोबर. ताईलाही मी तसंच विचारलं. मला हो ऐकायचं होतं, आणि तुम्ही दोघांनी मला कधी नाही म्हटलेलं नाही.

तर लिहिलं. "सदर खोली निम्नस्वाक्षरीकाराच्या चुकीमुळे खालच्या पातळीवर बांधली गेली असून तेथे दर पावसाळ्यात पाणी शिरते. निम्नस्वाक्षरीकाराने जागेवर न जाता शेरा दिला." साहेबांनी वाचून पुढे पाठवलं. परवानगी थांबली आहे. बिल्डरला आता आधी वसाहतीच्या आत पाणी साठवायचा तलाव खणावा लागेल, तिथून ते हळूहळू सोडायचं, आणि गल्लीच्या नळांची वेळ राखूनच टाकी भरायची. हे सगळं नव्या इंजिनियरने काढलंय. फाईल आता त्याच्याकडे. माझी बदली पाणीपट्टीच्या खिडकीवर झाली आहे. लोक मला जाता येता विचारतात, काय, खोली कशी आहे? मी सांगतो, बुडते.

मावशींची मोटर दुरुस्त होते का ते बघायला मी येतो. नुकसान मी भरीन. पण ताई, त्यांच्यापुढे उभं कसं राहू? त्यांना काय सांगितलंयस? मी आधी घरी येतो, मग तू बरोबर चल. एकटं जायचा धीर होत नाही. शनिवारी निघू का, एवढं कळव.

तुझा,
नळोबा


१७ मे

चि. नळोबास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी ये. पण आधी घरी येऊ नकोस. आधी शिवणवाल्या मावशींकडे जा, एकटा. मी बरोबर येणार नाही. 

तुला काहीही माहीत नव्हतं आणि मी ते इतकी वर्षं लपवलं, हे मी त्यांना काल सांगितलं. त्या हाताने टाके घालत होत्या. दोरा तोडला. मग म्हणाल्या, "म्हणजे दर वर्षी मी पाणी उपसायला येत होते ते तुझा भाऊ शहाणा राहावा म्हणून?" चहा घे म्हणाल्या नाहीत. मी निघाले तेव्हा दार मात्र उघडंच ठेवलं त्यांनी. तुझ्यासाठी की वाऱ्यासाठी, ते तूच जाऊन बघ.

तुझी ती पारदर्शक नळी असेल तर घेऊन ये. ह्यांना पुन्हा एकदा धरायची आहे, तोंड मोकळं ठेवून. दोन दिवस बाटली हातात घेऊन अंगठा न लावायची सवय करताहेत. घरभर पाणी सांडतंय.

काल इकडे वळवाची एक सर येऊन गेली. तू विचारलं नाहीस, तरी एका ओळीने कळवते.

खोली ओली आहे.

तुझी ताई